वेफर्सच्या वेळेला

मच्छिंद्रला पत्र हवं होतं, आणि तेही सोमवारच्या आत.

"दोनच ओळी लिवा बाई," सोफ्याच्या कडेला टेकत तो म्हणाला. उजवा पाय त्याने सवयीने पुढे लांब सोडला होता. तो गुडघा आता पुरता वाकत नसे. "मंडळाकडून अकरा वर्षं खो-खो खेळलो, वर्तणूक चांगली. बास."

"वर्तणूक चांगली, हे मी लिहायचं? चौऱ्याहत्तराव्या वर्षी खोटं लिहायला लावतोस होय रे?"

तो खळखळून हसला. पस्तीस वर्षांचा बाप्या, कानशिलांवर पांढरं डोकावायला लागलेलं, पण कुसुमबाईंनी टोमणा मारला की अजून मैदानावरच्या पोरासारखा हसे. बाईंचा टोमणा म्हणजे त्याला पाठीवरची थाप वाटे.

बाणेरकडच्या एका मोठ्या शाळेला फ्लॅग फुटबॉल शिकवणारा माणूस हवा होता. अमेरिकन फुटबॉलचं हे सोवळं भावंड. यात कुणी कुणाला आडवं पाडत नाही, पळणाऱ्याच्या कमरेची फडकी ओढायची, की तो बाद. ऑलिम्पिकमध्ये येणार म्हणून शाळांना अचानक त्याचा पुळका आला होता. मच्छिंद्र दुधाचा टेम्पो चालवत होता, आणि ब्रेक दाबता दाबता त्याचा गुडघा संध्याकाळी नारळाएवढा सुजत होता. डॉक्टरांनी टेम्पो सोडायला सांगून वर्ष झालं होतं. ही नोकरी मिळाली तर सुटका होती.

"मग नुसत्या खो-खोच्या पत्रावर घेतील तुला?"

"बघायचं. त्या अपेक्षा मॅडम हायत ना तिथं, त्या म्हनल्या, तुम्ही प्रोफेशनल किक रिटर्नर होता म्हणता, तर तसं सांगणारं कुणी आणा. आता लीग बंद, ऑफिस बंद, वेबसाइट बंद. जर्सी दाखवली, तर म्हनल्या जर्सी काय कुणीही छापून घेतं. सोबतचे खेळाडू चालत न्हाईत, ते एकमेकांचं चांगलंच सांगणार. बाहेरचं, खेळातलं कळणारं, डोळ्यांनी बघितलेलं माणूस पायजे. मी म्हनलं, मॅडम, डोळ्यांनी बघितलेलं माणूस जगात न्हाई. असतं तर गावानं माझं नाव वेफर्स कशाला ठेवलं असतं?"

कुसुमबाई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा दहाच मिनिटांपूर्वी झाला होता.

मच्छिंद्रचा बाप कोंडीराम हा त्यांचा दूधवाला. कात्रजच्या पलीकडच्या गावातून मोटरसायकलला कॅन लटकवून तो रोज सकाळी कसब्यात रतीब घालायला यायचा. एकदा बाई त्याला म्हणाल्या होत्या, "कोंडीराम, आज पाण्यात चुकून थोडं दूध पडलेलं दिसतंय." त्याने ते गावभर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून दूध खरंच घट्ट आणलं. बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. पेठेतल्या एका शाळेत बाईंनी पस्तीस वर्षं मुलींना शारीरिक शिक्षण शिकवलं आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर पोरापोरींना खो-खो. लग्न केलं नाही, करायला वेळही झाला नाही. तेव्हा पेठेतल्या मुलांना संध्याकाळ नावाची गोष्ट असायची. पाच वाजले की मैदानावर पाणी मारलेल्या मातीचा वास यायचा, आणि बाईंच्या शिट्टीवर आसपासच्या घरांतली घड्याळं लावत.

एका सकाळी कोंडीरामने कॅनच्या मागे अकरा वर्षांचं पोर बसवून आणलं. "बाई, ह्ये बेणं घरात ठरंना. म्हशीमागं पळतंय, तर म्हस दमती पर ह्ये दमत न्हाई. तुमच्या हवाली."

बाईंनी त्याला पळायला लावलं आणि शिट्टी वाजवायची विसरल्या. पुढची अकरा वर्षं त्यांनी त्या पायांवर घालवली. जमिनीवर खडूने खुणा काढून त्याला हुलकावणी शिकवली. डावा खांदा पाडायचा, पाठलाग करणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा डावीकडे चालला; तो तिकडे झेपावला, की आपण चवड्यावर फिरून उजवीकडे. खांद्याने खोटं बोलायचं आणि पायांनी खरं, असं त्या सांगत. विशीत मच्छिंद्र राज्याच्या संघात गेला. तेविसाव्या वर्षी तो कर्णधार होणार हे जवळजवळ ठरलं होतं.

त्याच वर्षी ती लीग आली. अमेरिकेतल्या कुणाकुणाचा पैसा, आठ शहरांचे आठ संघ, आणि दूरदूरच्या शहरांत भिंतींवर हेल्मेटवाल्या माणसांची चित्रं. खेळ येणारी माणसं देशात नव्हतीच, म्हणून त्यांनी कबड्डीवाले, कुस्तीवाले आणि खो-खोवाले उचलले. मच्छिंद्रला एका चाचणीत निवडलं. तो पेढे घेऊन बाईंकडे आला आणि स्वयंपाकघरातला नारळ हातात धरून त्यांना आपलं काम समजावून सांगू लागला.

"बॉल असा असतो, लांबट. समोरचा संघ लाथेनं उंच मारतो. मी हितं, पार मागं, एकटा. बॉल झेलायचा, काखेत दाबायचा आन् पळायचं. समोरून अकरा जण सुसाट येतात पाडायला."

"मग?"

"मग पाडतात."

"आणि तू उठून काय करतोस?"

"बाहेर जाऊन बसतो. पुढचं दुसरे खेळतात. परत किक आली की परत मी."

"म्हणजे अख्ख्या सामन्यात पाच-सहा वेळा पळून पडायचं. ते पावसाळ्यात लक्ष्मी रोडवर कुणीही करतं, आणि त्याला हेल्मेटही लागत नाही."

तो हसला होता. त्याला वाटलं, बाई नेहमीसारख्या बोलतायत. पण बाई आतून पेटल्या होत्या. आठवडाभराने मंडळाच्या सभेत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या सोंगाला जो खेळायला जाईल, आणि जो बघायलाही जाईल, त्याने पुन्हा आपल्या मैदानावर पाय ठेवू नये. 'बघायलाही' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. सभेत कुणी चूं केलं नाही. बाईंच्या शब्दाला मंडळात तेवढी किंमत होती.

तरी पुण्याच्या संघाचा पहिला सामना बालेवाडीला ठरला, तेव्हा मच्छिंद्र पुन्हा आला. सामना टीव्हीसाठी चित्रित होणार होता, महिन्याभराने दाखवणार होते. बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. प्रत्येक खेळाडूला घरच्या एकाच माणसासाठी पास मिळाला होता. तो त्याने बाईंच्या टेबलावर ठेवला.

"बापाला दे की," बाई म्हणाल्या.

"अप्पाला टीव्हीवर दिसंलच. त्याला त्यातलं कळणारबी न्हाई. तुम्हाला पाय कळतात. तुम्ही या."

"सोंगं बघायची झाली तर मी गणपतीत बघते. घेऊन जा तो कागद."

त्याने पास उचलला, घडी घातली, खिशात ठेवला. नमस्कार करून गेला.

आता पुढचं जे घडलं ते कुसुमबाईंनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. खालच्या मजल्यावर तेव्हा शालन राहायची. माणसं पुरवणं हा तिचा धंदा: लग्नाला वाढपी, सभेला बायका, मालिकांच्या चित्रीकरणाला गर्दी. बालेवाडीचं रिकामं मैदान टीव्हीवर बरं दिसणार नाही म्हणून लीगवाल्यांनी तिच्याकडून दोन बस भरून माणसं मागवली होती. निघायच्या दिवशी सकाळी ती जिन्यात कुणाला तरी फोनवर ओरडत होती, की ऐनवेळी एक बाई गळाली.

"मी येते," कुसुमबाई वरून म्हणाल्या.

शालनने मान वर करून बघितलं. "बाई, तुम्ही? अहो, तिथं टी-शर्ट घालायला लागतो."

"घालीन. आणि शालन, हे कुणाजवळ बोललीस तर तुझ्या मुलीला मी मंडळात खो देईन, बसायला जागा देणार नाही."

सहावारी पातळावर नारिंगी टी-शर्ट चढवून कुसुमबाई बालेवाडीच्या उन्हात चौथ्या रांगेत बसल्या. सबंध मैदानात तेवढाच एक कोपरा भरलेला, बाकीच्या खुर्च्या ओस. समोर एक पोरगा पाटी घेऊन उभा होता. पाटी वर केली की टाळ्या वाजवायच्या, हलवली की ओरडायचं. बायकांना खेळाचं काही देणंघेणं नव्हतं; पाटी वर झाली की त्या इमानेइतबारे हात बडवत. आणि किक-ऑफ आला, की पाटीवाला पाटी पायाशी टेकवून पाणी प्यायचा. ते तुकडे दाखवायचे नसतात, त्याने सांगितलं. तिथे जाहिराती येतात.

म्हणजे मच्छिंद्रचं काम नेमकं तेवढ्या वेळात चालायचं.

पहिल्या तीन वेळा त्याला पाडलं. तिसऱ्यांदा तो उठताना बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. चौथ्यांदा वडापावची खोकी आली, बायका मागे वळल्या, आणि चेंडू वर गेला. तो खाली येईपर्यंत मच्छिंद्र त्याच्याखाली नुसता उभा होता, मान वर करून, जणू गच्चीत पतंग बघतोय. झेलला आणि निघाला. पहिले दोघे आले, ते त्याच्याच माणसांनी अडवले. मग मधे मोकळी पट्टी आणि समोर तिघे. डावा खांदा पडला. बाईंचाही बसल्या जागी पडला. पहिला डावीकडे झेपावला तो गवत धरून आडवा. दुसऱ्याच्या हातात जर्सीचं टोक आलं आणि सुटलं. तिसरा ताडमाड उंच, त्याला घाई नव्हती, तो वाट बघत होता. मच्छिंद्रने त्याच्यासमोर येऊन पाय एवढासा थांबवला, जसा खो-खोत रांगेत बसलेल्या खेळाडूसमोर थांबवायचा असतो, आणि त्याच्या काखेखालून वाऱ्यासारखा गेला. पुढे कुणी नव्हतं. पन्नास-साठ यार्ड तो एकटा पळत होता, आणि त्या धावण्यात खडूच्या खुणा, शिट्ट्या, अकरा वर्षांच्या संध्याकाळी सगळं होतं.

बाई उभ्या राहिल्या होत्या. त्या ओरडतही होत्या, असं त्यांना नंतर उमजलं.

"ओ काकू," पाटीवाला म्हणाला, "बसा खाली. आत्ता टाळ्या नाहीत."

पलीकडच्या टोकाला मच्छिंद्रने चेंडू खाली ठेवला. संघाच्या पोरांनी त्याला उचललं, सोडलं. मग त्याने पासवाल्यांच्या खुर्च्यांकडे बघितलं. तिथे पाच-सहा माणसं होती, आणि एक खुर्ची मोकळी होती. नारिंगी कोपऱ्याकडे त्याची नजर गेली नाही. भाड्याच्या माणसांत कोण कुणाला शोधतं?

महिन्याभराने सामना टीव्हीवर आला. कोंडीरामने देवळासमोर पडदा बांधला, गाव गोळा केलं, म्हशीच्या दुधाची बासुंदी केली. अडीच तासांचा खेळ तासाभरात कापून बसवलेला. किक-ऑफ आला, की वेफर्सची जाहिरात. परत किक-ऑफ, परत वेफर्स. एकदा जाहिरात संपल्यावर पुण्याच्या नावापुढे सहा गुण वाढलेले दिसले, आणि इंग्रजीतून कुणीतरी घाईघाईने काही बोललं. गावातल्या कुणाला तो खेळ कळत नव्हता. गुण कुणाच्या पायांनी आले हे कोण सांगणार? मच्छिंद्र अख्ख्या तासात एकदा दिसला, बाकावर बसून पाणी पिताना.

"आरं, तू पळालास कवा?" कुणीतरी विचारलं.

"जाहिरात व्हती तवा," मच्छिंद्र म्हणाला. तो खरंच बोलत होता. गाव इतकं हसलं, की त्याचं नाव त्या रात्रीत बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीराम रतीब घालायला आला. माप भरून झालं तरी दारातून हलेना.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"पोरगं म्हनतंय, एकदा ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर पळालो, कुनाला घावलो न्हाई. गाव म्हनतंय, नुसतं बसवून ठिवला व्हता. तुम्ही त्याच्या गुरू. त्यानं तुम्हाला पास दिल्ता म्हनं." त्याने टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही गेलता का? पळालं का हो पोरगं?"

एका शब्दाचं काम होतं. पण 'हो' म्हणायचं, तर पासावर की आणखी कसं, हे आलं. बस आली, शालन आली, नारिंगी टी-शर्ट आला. मंडळाच्या सभेत घातलेला तो 'बघायलाही' आला. कोंडीराम गावात सांगणार, गावातून पेठेत येणार, आणि ज्या पोरांना त्यांनी दम भरला होता ती तोंडावर हात ठेवून हसणार. आणि तळाशी आणखी एक बारीक खडा होता, तो कुसुमबाईंना त्या वेळीही दिसला होता: भोगू दे थोडं. मला सोडून गेला ना.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी काही तिथं नव्हते."

कोंडीरामने मान हलवली. "मग ऱ्हायलं," म्हणाला. टोपी घातली. आणि जाता जाता पातेल्यात मापावर वरची धार ओतून गेला, रोजच्यासारखी.

दुसऱ्या हंगामात दोघेजण एकदम मच्छिंद्रच्या गुडघ्यावर पडले. शस्त्रक्रियेची तारीख येण्याआधी लीग गुंडाळली गेली. त्याची सगळी कारकीर्द मोजून अकरा सामन्यांची. ते सारे सामने कापून दाखवले गेले, आणि अकराही वेळा त्याच्या जागी कुणीतरी वेफर्स खाल्ले. बालेवाडीच्या सामन्यानंतर तीन वर्षांनी कोंडीराम गेला. रतीब तेव्हाच बंद झाला. मच्छिंद्र मात्र येत राहिला, कधी गॅस सिलिंडर वर चढवून द्यायला, कधी दवाखान्यात न्यायला. बाप बाईंकडे विचारायला आला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी दरवेळी ठरवलं, की आज सांगू, आणि दरवेळी वाटलं, आता जुनं झालं.

चहा उतू गेला. कुसुमबाईंनी शेगडी बंद केली, बाहेर आल्या, टेबलाच्या खणातून मंडळाचा छापील कागद काढला आणि लिहायला बसल्या. अक्षर अजून शाळेतल्या फळ्यावरचं होतं.

मच्छिंद्रने कागद घेतला. ओठ हलवत वाचू लागला.

"'...बालेवाडी येथील सामन्यास मी, कुसुम रंगनाथ दातार, स्वतः हजर होते. सदर खेळाडूने किक-ऑफचा चेंडू आपल्या गोलरेषेजवळ झेलला व तीन प्रतिस्पर्ध्यांना चकवून संपूर्ण मैदान पार केले. पन्नास वर्षांच्या अनुभवात मी इतकी निर्दोष धाव पाहिलेली नाही. मी तेथे भाड्याने आणलेल्या प्रेक्षकांपैकी एक होते.'"

त्याने वर बघितलं. परत खाली बघितलं.

"बाई, ह्ये तुम्ही मला नोकरी लागावी म्हणून..."

"तिसरा उंच होता. त्याच्यासमोर तू पाय थांबवलास. वाकडा थांबवलास, टाच उचललेली होती. पण चालून गेलं."

मच्छिंद्रचा चेहरा असा काही झाला, की बाईंनी नजर खिडकीकडे वळवली. मोठा माणूस, हुंदका दाबताना खोकला आला.

"आलता तुम्ही? त्या नारिंगी बायकांत?" आणि मग तो हसायलाच लागला, डोळे पुसत. "टी-शर्ट घातलाता? तुम्ही?"

"घातला होता."

"मग बारा वर्षं बोलला का न्हाई?"

"अभिमान, रे."

"अवो, तुमचा राग काय मला नवा हाय का? आलात ना! बास." तो कागद दोन्ही हातांनी धरून फिरत होता, लंगडत, चार पावलं इकडे, चार तिकडे. मोबाइलवर पत्राचा फोटो काढून त्याने शाळेत पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. त्याने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"मॅम, सॉरी टू डिस्टर्ब, अपेक्षा बोलतेय. हे लेटर वाचलं. तुम्ही हे ॲक्च्युअली स्वतः बघितलंय ना? म्हणजे, ऐकीव नाही?"

"ऐकीव गोष्टींवर मी सही करत नाही."

"ओके. वॉव. सर, मग सोमवारी डॉक्युमेंट्स घेऊन या, जॉइनिंगचं करून टाकू."

नोकरी लागली. इतकी सोपी गोष्ट होती. बारा वर्षांत कधीही एवढीच सोपी झाली असती.

"चला बाई," मच्छिंद्र म्हणाला. "चपला घाला. आईला सांगा. तिनं तुमच्या तोंडून ऐकू दे."

"आत्ता? माझे पाय दुखतायत."

"टेम्पो खाली हाय."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. टेम्पोत तो त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होता. पहिला कसा पडला? दुसऱ्याच्या हातात खरंच जर्सी आलती का, की त्याला उगाच वाटलं? बाई सांगत होत्या. प्रत्येक उत्तरावर तो स्टिअरिंगवर हात आपटायचा. स्वारगेटच्या पुढे म्हणाला, "अप्पा पायजे व्हता आज."

"मच्छिंद्र."

"काय?"

बाईंनी समोर बघितलं. "सिग्नल लागलाय."

गाव कधीच शहराच्या पोटात गेलं होतं. गोठ्याच्या जागी सात मजली इमारत, आणि तिच्या पाठीशी दोन खोल्यांत मच्छिंद्र आणि त्याची आई सुशीलाबाई. त्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. कुसुमबाईंना बघून उठायला लागल्या, मच्छिंद्रने त्यांना खाली बसवलं.

"आये, बाई सामन्याला आलत्या. बालेवाडीला. त्यांनी बघितलंय मला. ऐक."

कुसुमबाईंनी सांगितलं. सुरुवातीपासून, पतंगासारखा वर गेलेला चेंडू, पडलेला खांदा, उंच माणूस, शेवटची एकट्याची धाव. सुशीलाबाई मेथीची पानं खुडत ऐकत होत्या. मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा दुखरा पायसुद्धा ताल धरत होता.

सांगून झालं. सुशीलाबाईंचे हात थांबले.

"म्हंजी तुम्ही व्हता तितं."

"हो."

"मग ह्यांनी इचारलं, तवा न्हवते का म्हनलात?"

"कुणी इचारलं?" मच्छिंद्र म्हणाला. "कवा?"

"टीवी झाला त्याच्या दुसऱ्या दिशी. रतीब घालून आले त्ये हितंच बसले, भिताडाला टेकून." सुशीलाबाईंच्या आवाजात राग नव्हता; बाजारातल्या भावासारखं सांगत होत्या. "म्हनले, सुशे, बाईंनाबी ठावं न्हाई. पोरानं पास कुनाला दिला, कुनास ठावं. बाई खोटं बोलायच्या न्हाईत, म्हंजी आपलंच नानं खोटं. तवापासनं बोलनं टाकलं त्यांनी."

मच्छिंद्र आईकडे बघत होता. मग हळूहळू त्याने मान वळवली.

"अप्पा तीन वर्षं माझ्याशी बोलला न्हाई," तो म्हणाला. "मला वाटायचं, गाव हसतंय म्हणून. गुडघा फुटला तवाबी दवाखान्यात येऊन नुसता बसायचा. शेवटच्या दिवशी मी पाणी पाजलं, तर तोंड फिरवून प्याला. त्यानं तुम्हाला इचारलं व्हतं? नीट, तोंडावर? पोरगं पळालं का म्हणून?"

"हो."

"आन् तुम्ही न्हाई म्हनलात."

"मी तिथं नव्हते, असं म्हणाले."

"का?"

कुसुमबाईंना सभा, शालन, टी-शर्ट, सगळं सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही. पण बारा वर्षं त्यांना जे कारण चांगलं भक्कम वाटलं होतं, ते या दोन खोल्यांत काढून ठेवायला जागाच नव्हती.

"लाज वाटली," त्या म्हणाल्या.

"माझी?"

"माझी."

मच्छिंद्रने मान हलवली. फार समजल्यासारखी नाही, नुसती. खिशातलं पत्र त्याने चाचपलं, तसंच राहू दिलं. नोकरी त्याला हवी होती. पायाला तरी हवी होती. मग तो भिंतीचा आधार सोडून बाहेर गेला.

"चा घ्या," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी चहा केला, कपबशीत दिला, समोर बसल्या. कुसुमबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कारण न पिणं आणखी वाईट झालं असतं. सुशीलाबाईंनी परत मेथी पुढ्यात ओढली. "तुम्ही सांगितलं त्ये बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरगं पळालं, ह्ये मला ठावंच व्हतं. माझ्यासाठी न्हाई सांगितलं तरी चाललं असतं."

मच्छिंद्र दारात आला. "रिक्षा आणलीय."

टेम्पो समोरच उभा होता. कुसुमबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. मच्छिंद्रने त्यांचा हात धरून त्यांना पायरी उतरवली, डोकं आपटू नये म्हणून रिक्षाच्या टपाला हात लावून धरला, पिशवी मांडीवर ठेवून दिली. सगळं नेहमीसारखं, नीट. मग तो रिक्षावाल्याशी बोलला.

"आजींना कसब्यात सोडा."

चोवीस वर्षांत त्याच्या तोंडून त्यांना बाई सोडून दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं. त्यांनी वळून बघितलं, पण तो पाठ करून घराकडे निघाला होता, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत.

"कसब्यात कुठं सोडू, आजी?" रिक्षावाल्याने मीटर पाडत विचारलं.

कुसुमबाईंनी पत्ता सांगितला. रिक्षावाल्याला ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी तो परत सांगितला.